उपासाचं जेवणात धरत नाहीत

माझी नात अक्षदा सात वर्षांची आहे. तिला जन्मापासूनचा आजार आहे. डाळ, दूध, मटण यांतली प्रथिनं तिच्या अंगात नीट मोडत नाहीत, रक्तात अमोनिया चढतो. त्यातच तिचं हृदय थकलं. मुंबईच्या डॉक्टरीणबाई महिन्यातून एका सोमवारी संभाजीनगरला येतात. दुसरं हृदय बसवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. पण मूळ आजार अंगात राहणारच, म्हणून आधी खाणं ताब्यात आहे असं दिसलं पाहिजे, तरच यादीत नाव घालता येईल. नाहीतर नवं हृदयही तसंच जायचं.

आणि चार महिने आमच्या सोमवारच्या रिपोर्टात अमोनिया दर वेळी वाढलेला. मधे एकदा गुरुवारी रक्त तपासलं, तर ठीक निघालं.

माझा मुलगा अंगद शेंद्र्याला कंपनीत आहे. त्याला सुट्टी रविवारची, म्हणून मटण रविवारी शिजतं. साहजिकच त्याचा संशय बायकोवर, रत्नमालावर गेला. पोरगी मागते म्हणून ही चोरून रस्सा पाजत असेल. तिनं खंडोबाची शपथ घेतली. तो म्हणाला, "रिपोर्टाला शपथ कळत नाय." मी तिथंच बसले होते.

रत्नमालानं घरात मटण आणणंच बंद केलं. पुढच्या महिन्यातल्या सोमवारी अमोनिया आणखी वर.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, असंच चाललं तर मला नाव पाठवता येणार नाही. मग त्यांनी रविवारचं खाणं सकाळपासून विचारलं. रत्नमाला एकेक सांगत गेली, मोजलेला भात, पाण्यात कालवलेलं, तिला चालणारं औषधाचं दूध. अंगद खिडकीबाहेर पाहत होता.

मला तेव्हा कळलं. खंडोबाचा रविवार मी धरते. भगर आणि दाण्याची आमटी करते. सगळे मटण खात असताना पोर एकटी पडायची, म्हणून तिला मी आत देवापाशी माझ्या शेजारी बसवून वाटीभर द्यायची. मटण बंद झालं तरी तिची सवय सुटली नव्हती, उलट ती दुसरी वाटी मागायची. खायच्या-न खायच्याची यादी मी वाचली होती. त्यात शेंगदाणे होते. पण ती यादी जेवणाची, असंच मी धरून चालले.

गप्प राहून पुढच्या रविवारपासून बंद केलं असतं, तर रिपोर्ट सुधारला असता. ठपका रत्नमालावर राहिला असता.

"बाई, मी दिलं," मी म्हणाले. "दाण्याची आमटी. उपासाचं हलकं असतं, ते जेवणात धरत नाहीत."

बाई रागावल्या नाहीत. दाण्यात डाळीएवढीच प्रथिनं असतात, एवढंच म्हणाल्या आणि लिहून घेतलं. अंगदनं मान खाली घातली. एरवी मला उठता-बसता आत्याबाई म्हणणारी रत्नमाला घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही, नंतरही आठ दिवस कामापुरतंच.

पुढचे तीन महिने रिपोर्ट ठीक आले. नाव यादीत घालताना बाईंनी विचारलं, ऑपरेशननंतर औषधं रोज ठरल्या वेळेला, जन्मभर. खाण्याची आणि औषधाची जबाबदारी कुणाच्या नावावर लिहू?

अंगद रत्नमालाकडं पाहू लागला.

"आत्याबाईचं लिहा," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "पाच महिने एक रविवार सोडला नाय त्यांनी. औषध तर सोडायच्याच नाय."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. मी कागद पुढं ओढला आणि सही केली.