एक गुण जास्त

बाबा वजनमाप खात्यात होते. दुकानांचे काटे तपासायचे आणि खोटं माप सापडलं तर सख्ख्या मेव्हण्याचीही गय करायचे नाहीत. त्यांच्या मुलीने, म्हणजे मी, त्यांच्याच परीक्षेत काटा मारला.

अल्झायमर नुकता जडलेल्यांवर एका नव्या औषधाची चाचणी होणार होती. आत शिरायला तीस गुणांची तोंडी परीक्षा. मागच्या तपासणीत बाबांना बावीस मिळाले होते. विसाच्या खाली गेले तर घेणार नाहीत, एवढं ऐकलं आणि मी उठलेच. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं असतं, हे मला कधी जमलेलं नाही.

प्रश्न मागचेच असणार हे मी हेरलं होतं. तीन आठवडे रोज सकाळी घोकंपट्टी. आज वार कोणता? शंभरातून सात वजा करत या. हे पाच शब्द लक्षात ठेवा: कात्री, नदी, चादर, लिंबू, खिडकी. चुकले की मी खेकसायचे.

"अगं, तुला पाढे शिकवताना मी इतका ओरडायचो का?" त्यांनी एकदा विचारलं.

नव्हते ओरडत. मी मात्र ओरडत राहिले.

परीक्षेत त्यांनी पाचही शब्द धाडधाड म्हटले. सत्तावीस गुण! मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं.

"चांगली बातमी आहे. आम्ही वीस ते सव्वीसवालेच घेतो. तुमच्या वडिलांना आत्ता गरज नाही."

तीन आठवड्यांच्या घोकंपट्टीचं मी सगळं सांगून टाकलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे पेन खाली ठेवलं.

"आता या प्रश्नांवरचा त्यांचा कुठलाच आकडा धरता येणार नाही. दुसऱ्या प्रश्नांची परीक्षा नियमाप्रमाणे सहा महिन्यांनंतरच घेता येते. पण आमची भरती पुढच्या महिन्यात संपतेय."

"चूक माझी आहे हो. त्यांची जागा कशाला घालवता?"

"खोट्या आकड्यांवर औषध बाजारात आलं, तर ते कितीजणांना भोवेल?"

हे तर बाबांचंच बोलणं होतं. सहा महिन्यांत त्यांच्यातलं किती जाईल, ते विचारायची हिंमतच झाली नाही.

बाहेर बाबा बाकावर ताठ बसले होते. शेजारच्या अनोळखी बाईंना "सत्तावीस!" असं सांगूनही झालं होतं.

"नाही ना घेतलं?" ते हसत म्हणाले. "घेतील कसे? मला काही झालेलंच नाही. तीन आठवडे उगाच घाबरवलंस मला. वर ओरडलीस."

"चुकलं बाबा. नको होतं ओरडायला."

"जाऊ दे गं," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ओरडल्याची माफी त्यांनी अशी एका क्षणात देऊन टाकली, आणि दुसरी मी मागितलीच नाही.