बनुबाईच्या खाचरातली गॅसपेटी

मी एक जुनी गॅसपेटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मी रागात आहे. माझं नाव पुढे करून भर सभेत खोटं सांगितलं गेलं आणि माझ्या बनुबाईला मान खाली घालावी लागली.

नगरच्या एका गाळ्यात बाबाजान मिस्त्रींनी मला घडवलं. दुकानांच्या पाट्या करणारा माणूस, पण माझ्या पारदर्शक भिंती त्यांनी अशा जोडल्या की हवा कुठून निसटेल तर शपथ. आत चिमुकला पंखा, डोक्यावर रबरी बूच. भाताच्या रोपांवर मला पालथी घालायची, थोडं थांबायचं आणि बुचातून सुई टोचून आतली हवा काढून घ्यायची, एवढंच माझं काम. खाचरात पाणी साचून राहिलं की चिखलाचा श्वास कोंडतो. मग त्यात मिथेन नावाचा वायू तयार होतो, भाताच्या पोकळ देठांतून वर येतो आणि पृथ्वीचा ताप वाढवतो. तो वर्षानुवर्षं वाढतोय की घटतोय, हे शोधायला संशोधक मेहविश मॅडम मला अकोले तालुक्यातल्या डोंगरउतारावर, बनुबाईच्या खाचरात घेऊन आल्या.

"गॅस तर सिलिंडरात असतो. माज्या भातात कुठला आला?" असं म्हणून बनुबाई हसली, पण तिनं मला जागा दिली. एरवी मी बांधावर गोणपाटाखाली पडून असे, त्यामुळे तिची रीत मला चांगली ठाऊक झाली. पावसानं उघडीप दिली की ती बांधाला खांड पाडून खाचरातलं पाणी सोडून देई. मुळांना वारा लागला की फुटवा चांगला येतो, हे तिच्या सासूनं तिला शिकवलेलं. चिखलाला बारीक भेगा पडत. पावसाळ्यात असे दिवस पुष्कळ असत आणि त्या दिवसांत मिथेन नावालाच निघे.

पण मॅडमचा फोन आला रे आला की बाईच्या अंगात वारं शिरायचं. "पाव्हनी येनार आन् खाचर कोरडं? लोक काय म्हनतील?" मग खांड बुजवायची, ओहोळाचं पाणी वळवून खाचर काठोकाठ भरायचं, वर ताज्या शेणाच्या पाट्या ओतायच्या. मॅडम यायच्या, त्या भरल्या खाचरात मला पालथी घालायच्या आणि बनुबाईकडे आमटीभात जेवून जायच्या. दोघींची माया वाढत गेली, तसं पाणी आणखी आधीपासून भरलं जाऊ लागलं आणि शेणाच्या पाट्याही वाढल्या. कोंडल्या चिखलात शेण कुजलं की मिथेन आणखी होतो, म्हणून माझ्यातला मिथेन दरवर्षी चढत गेला. तो हिशेब भाताचा नव्हताच, पाहुणचाराचा होता.

आणि मॅडमनी एकदा, अगदी एकदा तरी विचारायचं, की मावशी, मी नसते तेव्हा इथं कसं असतं? नाही विचारलं. अजूनही आठवलं की माझं बूच उडायची वेळ येते.

मग श्रावणात सभा भरली. शेतकऱ्यांना मदत देणाऱ्या सरकारी योजनेच्या साहेबांनी मला टेबलावर ठेवून पडद्यावर मॅडमच्या मोजणीची चढती रेघ दाखवली. "या उतारावरचा भात दरवर्षी जास्त हवा बिघडवतोय. पुढच्या हंगामापासून जो भात बंद करेल त्यालाच योजनेची मदत मिळेल." बनुबाईच्या घरात काळभात या जुन्या वाणाचं बियाणं कणगीत जपलेलं होतं. ती उभी राहिली. "आमी हवा नासवली व्हय?" एवढंच तिनं विचारलं. साहेब पडदा गुंडाळू लागले. ती मान खाली घालून घरी गेली.

भादव्यात मेहविश मॅडम मला परत न्यायला आल्या. डोंगरात रेंज नव्हती, फोन लागेना, म्हणून न कळवताच आल्या. खाचर कोरडं.

"मावशी, पाणी कुठं गेलं?"

बनुबाई ओशाळली. "तुमी येनार हे ठाऊक असतं तर भरून ठिवलं असतं ताई. दर येळंला भरतेच की."

"दर वेळेला?"

"व्हय. पाव्हन्याला भेगा दावायच्या का?"

मॅडमनी लगेच मला त्याच भेगांवर पालथी घातली. ती हवा तपासली, तेव्हा मिथेन शोधावा लागला.

मॅडम साहेबांकडे गेल्या ते मला बगलेत मारूनच. "ती रेघ चुकीची आहे. चूक बनुमावशींची नाही, माझी आहे." साहेब म्हणाले, रेघ छापून झालीय, आता कसं करायचं? "मग माझी चूकही छापा," मॅडम म्हणाल्या. आपल्या इतक्या वर्षांच्या कामावर त्यांनी स्वतःच्या हातानं काट मारली. नव्यानं मोजेपर्यंत भात बंद करायची अट थांबली. माफी मागायला मात्र मॅडमखेरीज कुणी डोंगर चढलं नाही. पडद्यावर रेघ दाखवायला बरे आले होते सगळे.

मित्रांनो, माझ्या भिंती पुसा, माझं बूच जपा, पण तेवढ्यावर मी खरं सांगेन असं समजू नका. जिथं मोजायला जाल, तिथल्या माणसांना त्यांचे रोजचे दिवस विचारा. नंतर खुशाल रेघा ओढा.

आता मॅडम न सांगता येतात. परवाही आल्या. मला भेगाळल्या चिखलावर पालथी घातली, तेव्हा बनुबाई बांधावर हात चोळत उभी होती. शेवटी तिला राहवेना. घरात जाऊन ती पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"खाचराला न्हाई तर न्हाई," ती म्हणाली, "तुमी तरी पानी घ्याल का न्हाई ताई?"