ताणाचा बहर

बोटांत धरलेलं मोसंबीचं फूल पांढरं, जाड पाकळ्यांचं, देठाशी अजून ओलं... महेश्वरी ते हुंगायला नाकापर्यंत नेते आणि थांबते. परसातलं झाड असं फुललंय की पानं शोधावी लागताहेत. जी आहेत ती पिवळी. शेंड्याच्या काड्या वाळलेल्या – काल त्या दिसल्या कशा नाहीत?

माहेरी, बोरीला, वडिलांची मोसंबीची बाग होती. बहर धरायचा म्हणून ते झाडांचं पाणी तोडायचे, ताण द्यायचे. "झाड मरणाला भेतं बाई, म्हनून फुलतं," म्हणायचे. मग पाणी सोडलं की अख्खी बाग पांढरी व्हायची आणि ती परकर सावरत फुलांखाली नाचायची... त्या भीतीखालीच नाचत होते की मी. पण ह्या झाडाला ताण कुणी दिला? मी तर रोज बादलीभर पाणी घालतेय. मग हे कशाला भ्यालं?

"अगं, भाकर हाय का? लय भूक लागलीय!"

आतून रामलिंग, तिचा नवरा. परभणीच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हटलं, तेव्हापासून चमचाभर पेजही त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. आज पहाटे आपणहून उठून बसला. तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केली, हात जरासुद्धा कापला नाही. गालांवर चक्क लाली. लग्नात दिसला होता तसा देखणा दिसतोय... तिनं बोटांतलं फूल टाकून दिलं.

भिंतीपलीकडून शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या, "झाड लय नटलंय की! अन् भाऊबी बरे दिसायलेत."

झाडाचं अन् ह्यांचं एका दमात कशाला बोलायचं? तिला सुमनबाईंचा भयंकर राग आला.

दुपारी त्यानं खुर्ची झाडाखाली मागितली. ती नको म्हणणार होती. कशासाठी नको, ते काय सांगणार?

"वास बघ कसा यायलाय," तो वर बघत म्हणाला. "औंदा मोसंब्या खाऊ पोटभर."

"खाऊ की. तुमी सोलून द्या."

त्याच्या शालीवर फुलं पडत होती, ती त्यानं झटकली नाहीत. महेश्वरीनं बादली बुंध्याशी ओतली, परत भरली, परत ओतली. जमीन पाणी पीत नव्हती. ते तसंच साचून राहिलं, त्यात पाकळ्या तरंगल्या. सकाळी त्या वाळल्या काड्या दिसल्यापासून ती वर बघायचं टाळत होती. आता बघितलं. फांद्यांमधून ऊन त्याच्या तोंडावर उतरलं होतं, तो हसत होता. इतकं सुंदर तिनं बोरीच्या बागेतही कधी पाहिलं नव्हतं. आणि तिला नजर काढवेना.