काटा सहावर

बाबांना जाऊन दोन आठवडे झाले होते आणि मॉर्फिनची बाटली अजून कपाटातच होती. पत्र्याच्या डब्यात, कुलूप लावून, दवाखान्यातल्या सिस्टरने ठेवायला सांगितली होती तशी. राहिलेलं औषध परत आणून द्यायचं, हेही सिस्टरने बजावलं होतं. धाकटी ते रोज उद्यावर ढकलत होती. वय एकेचाळीस झालं तरी घरात तिला धाकटीच म्हणत. आई केव्हाच गेली होती, थोरली दूर राहत होती, त्यामुळे आता तसं म्हणणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

तिला रडू येत नव्हतं. ती भांडी घासत होती, फोनवर सगळ्यांना तेच ते सांगत होती. उशाशी पुस्तक होतं, त्यातलं एक पान तिने बहुधा वीस वेळा वाचलं असेल. त्यात काय होतं ते तिला सांगता आलं नसतं.

भिंगकाका आले ते दुपारी. काका आणि बाबा मिळून तीस वर्षं प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणारी काट्याची यंत्रं, दुरुस्त करत. बॉयलरवरची, कॉम्प्रेसरवरची, काच फुटलेली, काटा अडकलेली. घड्याळजीसारखं भिंग काकांच्या गळ्यात सदोदित लटकलेलं असे, म्हणून हे नाव. आजही ते शर्टावर होतंच.

"तुझा बाप ना," ते खुर्चीत बसत म्हणाले, "तीस वर्षांत एकदाही मला विचारलं नाही, साखर किती घालू म्हणून. आपल्या मनाने तीन चमचे. मला साखरेचा आजार झाला तो त्याच्यामुळे."

"तुम्ही सांगायचं ना त्यांना."

"सांगितलं की! म्हणाला, आता हात बसलाय, बदलत नाही."

धाकटी हसली. म्हणजे तोंडाचा आकार तसा झाला. ती चहा टाकायला आत गेली आणि परत आली तेव्हा काका टेबलावरची वही चाळत होते.

वही औषधांची होती. बाबांचा कर्करोग हाडांत उतरल्यापासून तिने ती नेटाने लिहिली होती. सकाळ-रात्र मॉर्फिनची गोळी. जेवणानंतर सूज उतरवणारी गोळी, आणि तिच्याआधी पोटाला जपणारी. मॉर्फिनने पोट बांधलं जातं म्हणून झोपताना रेचक. हाडांच्या दुखण्याला ती सुजेची गोळी फार छान लागू पडली होती. बाबा काठी घेऊन गॅलरीपर्यंत जायला लागले होते. मग रक्ताच्या रिपोर्टमध्ये मूत्रपिंडाचे आकडे बिघडले आणि डॉक्टरांनी ती एका दिवसात बंद केली. त्या दिवशी सिस्टरने घरी येऊन भिंतीवर कागद लावला. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. सात किंवा त्याच्या वर सांगितलं तर पातळ मॉर्फिनचा जादा डोस, अडीच मिली. बाटली त्या जादा डोससाठी होती.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांची पानं काका बघत होते. सहा. सहा. सहा. पाच. सहा. सहा.

"हे काय आहे?"

"दुखणं. दहापैकी. मी दर चार तासांनी विचारायची."

"आणि तो सहा म्हणायचा?"

"हो. शेवटपर्यंत सहाच्या वर गेलं नाही."

काकांनी वही खाली ठेवली. पुन्हा उचलली. भिंग डोळ्याला लावायची काही गरज नव्हती, तरी हात तिकडे गेला.

"अगं, सहाच्या वर कसं जाईल?" ते म्हणाले. "दहाच्या गेजवर काटा सहा-सातच्या पुढे कधी जाऊच द्यायचा नाही. गिऱ्हाइकाला आम्ही तेच ओरडून सांगायचो. जेवढं जास्तीत जास्त प्रेशर येणार, ते सहावर दिसलं पाहिजे, असंच गेज निवडायचं. पुढची घरं असतात ती नुसती असायला. तिथे काटा गेला की स्प्रिंग बसली, गेज भंगारात."

धाकटी उभीच होती. चहाचा कप तिच्याच हातात राहिला होता.

"म्हणजे बाबांचं सहा म्हणजे सगळ्यात जास्त..."

काकांनी वही मिटली. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. "तसंच असेल असं नाही," ते पुटपुटले. "माणूस म्हणजे काही गेज नव्हे. मी आपला म्हातारा बरळतोय." तिच्या हातातला तीन चमचे साखरेचा चहा घेऊन त्यांनी संपवला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डबा पिशवीत घातला आणि दवाखान्याचा रस्ता धरला. वेदनाशमन विभाग तळमजल्यावर, धुलाईखान्याच्या शेजारी होता. सिस्टर फोनवर कोणाला तरी रेचक चुकवू नका म्हणून दटावत होती. फोन ठेवून तिने बाटली घेतली, उजेडाकडे धरली, मग सिरिंजने मोजली.

"शंभर मिलीतले पंच्याण्णव. दोनच डोस दिलेस?"

"पहिल्या आठवड्यात दोन, तुम्ही शिकवायला आला होतात तेव्हा. सात त्यांनी कधी सांगितलंच नाही."

आणि मग धाकटीने काकांचं सगळं सांगितलं, गेजचं, काट्याचं, भंगाराचं. सलग, एका सुरात, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तशी. सिस्टर कामात मुरलेली होती, तिने पुरतं ऐकून घेतलं.

"माझंही चुकलं," सिस्टर म्हणाली. "तुमचा दहा म्हणजे काय, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. आम्ही कागद चिकटवतो आणि निघतो."

"म्हणजे त्यांना दुखत होतं."

"आकड्यावरून मी नाही सांगू शकत. पण तू तिथे होतीस. झोपत होते का? कूस बदलताना कसे दिसायचे?"

धाकटीने टेबलाच्या कडेकडे पाहिलं. तिथला रंग उडाला होता.

"पायाची बोटं वळवून धरायचे," ती म्हणाली. "कूस बदलताना श्वास धरायचे. शेवटच्या मंगळवारी उशीचा अभ्रा दातात धरला होता. मी विचारलं, किती? म्हणाले, सहा. मी वहीत सहा लिहिलं."

"आणि?"

"मला बरं वाटलं. सहा म्हणाले म्हणून. मला ते औषध द्यायची भीती वाटत होती, सिस्टर. वाटायचं, मी देईन आणि श्वास थांबेल. माझ्या हातून."

"अडीच मिलीने थांबला नसता. मॉर्फिनची गोळी त्यांच्या सवयीची होती. मी हे सांगितलं होतं तुला."

"दोनदा सांगितलं होतं."

शेजारी कपडे धुण्याचं मोठं यंत्र घरघरत होतं. सिस्टरने हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला. धाकटीला तो हात दिसला. जाणवला म्हणावं असं काही झालं नाही.

"काकांनी सांगितलं तेव्हा मला आधी काय वाटलं, सांगू?" ती म्हणाली. "सुटले, असं वाटलं. गेजमुळे झालं, माझ्यामुळे नाही."

"थोडं गेजमुळेही झालं. थोडं माझ्यामुळे."

"हो. पण अभ्रा मला दिसत होता."

सिस्टरने यावर समजूत घातली नाही. तिने उरलेलं औषध नष्ट करायच्या पावडरीचा डबा उघडून बाटली त्यात ओतली. औषध आत पडलं तसं घट्ट होत गेलं, गोठलेल्या खळीसारखं. मग तिने नोंदीचा फॉर्म पुढे केला. रुग्णाचं नाव, औषध, परत आलेलं प्रमाण हे तिने भरलं होतं. खाली 'शिल्लक राहण्याचं कारण' हा रकाना कोरा होता.

"तिथे 'रुग्ण दगावला' एवढं लिही आणि सही कर. सगळे तेच लिहितात."

धाकटीने पेन घेतलं. वहीत लिहायची तशाच स्वच्छ अक्षरात तिने लिहिलं: दुखत होतं, दिलं नाही. खाली सही केली, नात्याच्या जागी मुलगी असं लिहिलं.

सिस्टरने वाचलं. "हे असं लिहीत नाहीत गं," ती हळूच म्हणाली. "फॉर्म वर जातो."

"जाऊ दे."

सिस्टरने कागद आपल्याकडे ओढला. मग तिने शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला आणि त्या ओळीला धक्का लागणार नाही अशा बेताने खाली उमटवला.