लव्हाळ्यांचा क्रूस

मनोहररावांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण ब्रीडाबाईंचं आयरिश वळणाचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जायचं. अमेरिकेतल्या रेडमंडमधल्या त्यांच्या या शेजारीणबाई शहाऐंशी वर्षांच्या. पक्षाघाताने उजवा हात गेलेला. उद्या सकाळी भाचा येऊन त्यांना वृद्धाश्रमात नेणार होता, आणि त्याआधी त्यांना एकच हवं होतं: लव्हाळ्यांचा क्रूस. त्यांच्या गावी दर जानेवारीच्या शेवटच्या संध्याकाळी तो विणून दारावर लावत, म्हणजे वर्षभर घरच्यांच्या केसाला धक्का लागत नाही. यंदा विणायला दुसरा हात मनोहररावांचा असणार होता.

इथेच जन्मलेली, वकिलाच्या ऑफिसात नोकरी करणारी नात आन्या मध्ये दुभाषी. “आजोबा, शी सेज, ते लव्हाळे तुम्ही स्वतः तोडायचे. इट्स इम्पॉर्टंट.”

मागच्या दलदलीत लव्हाळे माजले होते, पण कुंपणावर प्रवेशबंदीची पाटी. मनोहररावांनी नर्सरीतून लव्हाळ्यांची कुंडी आणली. माणूस पहिल्यापासून नको तितका व्यवस्थित! मुळांना दुखवायला नको म्हणून त्यांनी एकूण एक काडी कात्रीने बुंध्याशी कापली, धुतली, जुडी बांधली आणि ऐटीत घेऊन गेले.

ब्रीडाबाईंनी जुडीचं टोक चाचपलं. “कट?”

“येस, येस! व्हेरी नीट कट!” शाबासकीच मिळाली असं त्यांना वाटलं.

बाईंनी जुडी बाजूला ठेवली. आन्याशी हळू आवाजात काही बोलल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

“आजोबा, कापलेले चालत नाहीत. शी सेड ‘पुल’. मराठीत काय म्हणतात?”

“उपटणं. उपटणं गं, आन्या.”

“आय थॉट तोडणं इज द सेम. सॉरी, आजोबा.”

तिला तरी काय बोलणार? जन्मात कधी दुर्वांना कात्री न लावलेला हा माणूस, एका शब्दाने त्याचा घात केला. नर्सरी तोवर बंद झाली होती. मनोहररावांना रडूच यायला लागलं.

सकाळी भाच्याची गाडी आली तेव्हा ते कुंडीतले खुंट नखांनी उकरत होते. मुळं घट्ट धरून बसलेली. हाती आले पाच, तेही बोटभर लांबीचे. चिखलाच्या हातांनी ते गाडीपाशी धावले.

“पुल्ड,” ते म्हणाले.

बाईंनी खुंट डाव्या हातात घेतले. एवढ्याशा तुकड्यांचा क्रूस होणार नाही हे दोघांनाही दिसत होतं. बाईंनी मूठ मिटली. सीटचा पट्टा लावताना भाच्याने ती सोडवू पाहिली. ती सुटेना.