सहावं माणूस

डब्याचं झाकण हातातून निसटलं आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर गरगर फिरत राहिलं. एवढीशी स्टीलची चकती, पण तिचा आवाज निजलेल्या घरभर घुमला. सत्यशीला जागच्या जागी थिजली. झाकणाची फेरी लहान लहान होत गेली, शेवटी ते थरथरलं आणि गप्प झालं.

या घरात भांडं पडत नसे. सात वर्षांत इथल्या माणसांना दार लोटायचीसुद्धा एक रीत लागली होती. चंचल तान्ही असताना जरा खुट्ट झालं की दचकायची, रडायची, आणि रडली की तिचे ओठ जांभळे पडायचे. पुढे नागपूरला तिचं ऑपरेशन झालं, ओठ गुलाबी झाले, पण घराची सवय काही सुटली नाही. आजोबांनी बारशाला हौसेने चंचल नाव ठेवलेलं, आणि पोरीला पळायची बंदी. गल्लीतल्या बाया यावरून हसायच्या. सत्यशीलाही हसायची, त्यांच्यादेखत.

पडद्यामागून खुदकन आवाज आला.

"आई, पुन्हा पाड ना वं."

"झोप नाई का तुले? पाच वाजून राह्यले."

"मी तं कवाचीच जागी हाव. आई, आज डॉक्टर हो म्हनला तं?"

सत्यशीलाने झाकण उचललं, ओढणीने पुसलं आणि कोथिंबीर भरलेल्या सांभारवड्यांच्या डब्यावर दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवलं. 

तिला ठाऊक होतं पोर काय विचारते आहे ते. तपासणीसाठी ब्रह्मपुरीहून चंद्रपूरला जाताना मूल गाव मागे पडलं की जंगल लागायचं, आणि शहर यायच्या थोडं अलीकडे, सागाच्या शेंड्यांवर, एक निळा लोखंडी रूळ दिसायचा. आभाळात चढलेला, वाकलेला, पुन्हा खाली आलेला. तिथल्या बागेतली, त्या रुळावरून वर-खाली धावणारी खेळातली गाडी. दर वेळी चंचल एसटीच्या खिडकीला नाक लावायची, दर वेळी विचारायची, आणि दर वेळी सत्यशीला म्हणायची, "डॉक्टर हो म्हनन तवा." तीन वर्षं हे वाक्य तिने कडीसारखं लावून ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला डॉक्टरांनी ती कडी काढली.

"ताई, आता हिला बांधून ठेवू नका," कानातली नळी गळ्यात टाकत ते म्हणाले. "पळू द्या. झाडावर चढू द्या. पुढचं तपासायला दोन वर्षांनी या."

"अन् रुळावरची गाडी?" चंचलने विचारलं. "मूल रोडवरची?"

"ती बागेतली छोटी? बस की. मला नाही नेलं अजून कोणी."

सत्यशीलाने हात जोडले. बोलायचं पुष्कळ होतं, पण घशातून नुसता "सर" एवढाच शब्द आला. बाहेर बाकावर सासरे बसले होते. लहानूजींनी तीस वर्षं राइस मिलमध्ये हमाली केली होती, तेव्हापासून त्यांची मान डावीकडे जराशी कललेली. सुनेचा चेहरा पाहून त्यांनी आधी डोळे पुसले, मग नातीचा पाहून हसले.

"झालं? आता कोनता बहाना सांगशील, बाई?"

"बहाना कायचा, मामाजी," ती म्हणाली आणि फाइल पिशवीत घालू लागली. प्लास्टिकची ती पिशवी आज तिला लवकर उघडेना.

पोळ्याआधीचे दिवस. धानाची रोवणी आटोपलेली, पोरं शाळेत, वार मंगळवार. पाऊस दोन दिवस उघडला होता तरी बागेत चिटपाखरू नव्हतं. कपबशीच्या झुल्यात पाणी साचून त्यात बेडूक बसला होता. तिकिटाच्या खिडकीत पोलीस भरतीचं पुस्तक वाचत बसलेल्या पोरीने त्यांना पाहिलं आणि पानात बोट घातलं.

"तिकीट देते, पन अगोदर डोमाभाऊले इचारून घ्या. ते गाडी सोडतील तं."

डोमाभाऊ रुळाखालच्या पत्र्याच्या खोलीत होता. पन्नाशीचा, खाकी शर्ट, हाताला ग्रीस. त्याने तिघांवरून नजर फिरवली आणि मान हलवली.

"तिघांवर नाई जमत, आजोबा. कमीत कमी सहा पायजे. गाडी हलकी असली का वरच्या वळनावर दम सोडते. मागं एकदा अडकली तं शिडी लावून एकेकाले उतरवलं मी."

"वजनच पायजे ना?" लहानूजी म्हणाले. "वाळूचे कट्टे ठेव, भरली पोती. मी उचलून देतो. म्हातारा दिसतो म्हनून हसू नको, शंभर किलोचा कट्टा पाठीवर घेत होतो मी."

"कट्टे होते ना बापा. मागच्या आठवड्यात नाल्याचं पानी मोटरच्या खोलीत शिरून राह्यलं होतं, तं सगळे तिथी दाराले लावले. आता भिजून चिखल झाले ते." डोमाभाऊने हात पुसले. "थांबून पाहा. कोनी आलं तं सोडतो."

सत्यशीलाच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग, ते का उतरलं हे लक्षात येऊन, तिने मान खाली घातली. लोक येणार नव्हते. नाही म्हणायची पाळी तिच्यावर येणार नव्हती. पोरीला सांगता येणार होतं की बघ, आपण आलो होतो.

चंचल सिमेंटच्या बाकावर जाऊन बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाय जुळवलेले. रडली नाही, हट्ट केला नाही. दवाखान्यांच्या रांगांत ती जशी बसायला शिकली होती तशीच बसली. अर्धा तास गेला. फाटकासमोरून दोन एसट्या गेल्या, एक कोळशाचा ट्रक गेला. दर आवाजाला पोर मान वर करायची आणि पुन्हा रुळाकडे पाहायची.

मग ती उठली आणि आईची ओढणी धरून म्हणाली, "चाल आई. पुढच्या वर्षी येऊ. जमलं तं."

हे सत्यशीलाचे शब्द होते. जसेच्या तसे, त्या 'जमलं तं'सकट. पोरीच्या तोंडून ऐकताना ते तिला फार जुने वाटले, एखाद्या थकल्या बाईचे असावेत तसे.

बाकाखालची पानं झाडणारी बाई खराटा थांबवून पोरीकडे पाहत होती. फ्रॉकच्या गळ्यातून वर आलेली ती पांढुरकी रेघ कुणाचीही नजर धरायची.

"हे काय झालं वं माय?"

"ऑपरेशन," चंचल म्हणाली. शाळेत कविता म्हणावी तसं तिने पुढचं सांगून टाकलं. "माह्या दिलाले भोक होतं. शिवून टाकलं. माह्या अंगात चार मानसाईचं रक्त हाय."

"चार?"

"हो. आई सांगते ना रोज झोपताना."

सत्यशीला सांगायची खरी. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रक्त कमी पडलं होतं. नवऱ्याचा, राजदीपचा, रक्तगट जुळेना, तिचाही जुळेना, गावाहून माणसं पोचायला रात्र झाली असती. तेव्हा वॉर्डाबाहेर आपापल्या माणसांसाठी डबे घेऊन आलेले चौघे उठून रक्तपेढीत गेले. कुणी बोलावलं, कुणी सांगितलं, कोण जाणे. सत्यशीला पोरीपाशी होती. बाहेर आली तेव्हा बाकावर एक रिकामा डबा तेवढा होता.

खराटा भिंतीला टेकला.

"ओ डोमाभाऊ! मले धर एक."

"तू? सुकरीबाई, दोन वर्षांपासून म्हनून राह्यलो बस बस, तं म्हने चक्कर येते."

"येऊ दे चक्कर. तू शिडी घेऊन उभा राहजो." ती फाटकाकडे वळली. "वं नंदिनी! ठेव ते पुस्तक. पोलीस होतो म्हनतेस अन् गाडीले भेतेस का?"

खिडकीतली पोरगी हसत बाहेर आली. मागच्या वाफ्यातून बुधूला बोलावलं. तो माळी, पोटरीपर्यंत चिखल. "पाय धुवून ये," डोमाभाऊ ओरडला, "गाडी मलेच पुसा लागते." बुधूने नळाखाली पाय धरले आणि पँटच्या दुमड्या सोडत आला.

डोमाभाऊने बोटं मुडपत मोजलं. लेकरू, आजोबा, सुकरी, नंदिनी, बुधू. पाच. दुसऱ्या हाताचा अंगठा उरला. तो त्याने तसाच उभा धरला.

सगळे सत्यशीलाकडे पाहत होते. चंचल तेवढी पाहत नव्हती. ती पुन्हा हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती.

"मी खाली थांबतो म्हटलं," सत्यशीला म्हणाली. "कोनीतरी खाली पायजे. फाइल हाय, डबा हाय..."

"मी हाव ना खाली," डोमाभाऊ म्हणाला. "आन इकडं."

त्याने हात पुढे केला, मग ग्रीस आठवून शर्टाला पुसला आणि पुन्हा केला. सात वर्षांत ती फाइल सत्यशीलाने राजदीपशिवाय कुणाच्या हातात दिली नव्हती. प्रवासात उशाला, घरी पेटीत तळाशी. तिने पिशवीच्या तोंडाला एक गाठ मारली, वर आणखी एक मारली, आणि दिली. डोमाभाऊने ती आपल्या खोलीत, बटणांच्या वरच्या खिळ्याला टांगली.

गाडी निघाली तेव्हा साखळीचा कटकट आवाज झाला. सत्यशीलाचा उजवा हात आपोआप पोरीच्या छातीवर गेला. रोज रात्री जिथे जायचा तिथेच. चंचलने तो उचलला आणि समोरच्या दांड्यावर ठेवला.

"दांड्याले धर ना, आई. पडशील."

वर वारा होता. सागाला फुलोरा आला होता, सगळ्या जंगलावर पांढरट साय धरल्यासारखा. पलीकडे वीज केंद्राच्या चिमण्या, अलीकडे मूलकडे जाणारा काळा रस्ता, आणि त्यावर आगपेटीएवढी एसटी. त्या खिडकीतून कुणी आत्ता इकडे पाहत असेल का, एवढंच तिच्या मनात आलं. मग खालची जमीनच निघून गेली.

मागे सुकरीबाईने गोंडीत आपल्या आईला हाक मारली. लहानूजी "अरे बापा, अरे बापा" म्हणत राहिले. नंदिनी किंचाळत होती, बुधू तिला हसत होता. आणि या सगळ्यांवर एक आवाज होता जो सत्यशीलाने सात वर्षांत ऐकला नव्हता. तिची पोर पोटापासून, मोकळ्या गळ्याने ओरडत होती. तिला कुणी हळू म्हणत नव्हतं. वरच्या वळणावर गाडीने जरासा दम सोडला, आणि सहा माणसांच्या वजनाने पुढे झाली. कधी कोण जाणे, सत्यशीलाही ओरडू लागली होती.

सगळे खाली उतरले. चंचलचे ओठ तिने सवयीने पाहिले. लालबुंद होते. सुकरीबाई जमिनीवर बसून पदराने डोळे पुसत हसत होती.

"आजोबा, कसं वाटलं?" डोमाभाऊने विचारलं.

"कट्टा व्हाले मजा येते रे," लहानूजी म्हणाले. "जिंदगीभर उचलत आलो. आज मले उचललं कोनीतरी."

पत्र्याच्या खोलीपुढे डबा उघडला. सांभारवड्या वाटल्या गेल्या, एकेकाच्या वाट्याला दोन दोन. नंदिनीने घरून आणलेलं लोणचं काढलं. सत्यशीलाला काहीतरी म्हणायचं होतं. सकाळी डॉक्टरांपुढे अडलं होतं ते, आणि त्याच्याही मागे, फार मागे अडलेलं. पण तिने नुसतं "आनखी घ्या ना, भाऊ" म्हणून डबा पुढे केला. डोमाभाऊने घेतली. चंचल मात्र एकेकापुढे उभी राहून हात पुढे करत होती.

"तुमचं नाव काय?"

"बुधू."

"पूर्न सांगा."

सगळे हसले. बुधूने पूर्ण सांगितलं. मग सुकरीबाईने, मग नंदिनीने. डोमाभाऊने तर गावासकट सांगितलं, आरमोरीजवळचं.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. लहानूजी पुढच्या सीटवर मान कलती टाकून झोपले होते. निळा रूळ मागे गेला, तरी चंचलने मागे वळून पाहिलं नाही. ती बोटं मोजत होती.

"डोमाभाऊ, सुकरीबाई, बुधूभाऊ, नंदिनीताई. चार झाले ना, आई?"

"चार झाले."

"त्यायले कोनी सांगतलं नव्हतं, तरी आले."

"हो, माय."

सत्यशीलाने तिला जवळ ओढलं. मांडीवर फाइल होती. गाठी तशाच होत्या, वर ग्रीसचं एक बोट उमटलं होतं. तिने ते पुसलं नाही.  मग पोरीने दुसरा हात उघडला, त्याचीही चार बोटं वर धरली आणि पाहत राहिली.

"आई, अन् त्या चौघायचं नाव काय होतं? तू इचारलं नाई?"