नमुना गाळ

नदी कधीच खोटं बोलत नाही. आमची बोलत होती. अकरा वर्षं, दर शुक्रवारी, तीन प्रतींत.

पाणीपुरवठ्याचा पंप सारखा आतून खरवडल्यासारखा झिजायचा. मेकॅनिक म्हणायचा, पाण्यात रेती आहे. प्रयोगशाळेचे आकडे म्हणायचे, छे, नावापुरती माती आहे. आकडे टाइप केलेले असतात आणि मेकॅनिकचे हात काळे असतात, त्यामुळे निष्काळजीपणाची चौकशी मेकॅनिकवर लागली. नोकरी राहणार की जाणार, ते सोमवारी ठरणार होतं.

नदीचे नमुने घेणारा माणूस म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. म्हणून शुक्रवारी मेकॅनिक त्याच्याबरोबर पुलावर गेला.

भाऊजींचं काम बघत राहावं असं. वजनदार चौकटीत बाटली अडकवून त्यांनी ती दोरानं तळापर्यंत सोडली आणि त्याच लयीत वर ओढली.

"वरवरचंच भरून घेतलं तर?"

"वरचं पाणी म्हणजे पाहुण्यांना दाखवायची खोली. जाड रेती खालून उड्या मारत जाते. बारीक मातीला पाणी कडेवर घेऊन फिरतं. दमलं, की खाली ठेवतं."

बाटली चांगली गढूळ निघाली. मेकॅनिकला भरून आलं. मग भाऊजी काठावरच्या खोलीत गेले, धुतलेलं फडकं काढलं आणि सगळं पाणी त्यातून गाळून दुसऱ्या बाटलीत ओतलं.

"अहो, हे काय करताय?"

"वरून आदेश आहे." भाऊजींनी बाटलीवरची छापील पट्टी दाखवली. 'नमुना गाळ'.

"भाऊजी, गाळ म्हणजे चिखल! तोच तर मोजायचा असतो!"

भाऊजींनी पट्टी पुन्हा वाचली. "म्हणजे तो हुकूम नव्हता? मला इतकी वर्षं राग यायचा रे. म्हटलं, माझ्या वयाचा तरी मान ठेवा. नुसतं 'गाळ'? 'गाळा' लिहिलं असतं तर काय शाई संपली असती?"

"आणि फडक्यातली रेती?"

"तुझ्या ताईच्या कुंड्यांत. टाकवत नाही. सरकारी आहे."

सोमवारी सात कुंड्या हातगाडीवर चढल्या. ताईनं दारातूनच बजावलं, "कुंड्या परत आणा. नवरा ठेवून घेतला तरी चालेल."

चौकशी अधिकारी बाईंनी एका कुंडीत कोपरापर्यंत हात घातला, मिरचीच्या झाडाची माफी मागितली आणि मेकॅनिकला निर्दोष सोडलं. भाऊजींवरही कारवाई झाली नाही, कारण नमुना गाळू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आता पट्टीवर ते छापतात. 'गाळू नये' हे भाऊजींना फार आवडलं. त्यात अदब आहे, म्हणाले. त्या संध्याकाळी ताई, भाऊजी आणि मेकॅनिक तिघं पोटभर जेवले.

पुढच्या शुक्रवारी भाऊजींनी पहिल्यांदाच न गाळलेला नमुना पाठवला. तोवर नदी उतरून संथ झाली होती. आकडा पूर्वीचाच आला.